बुटक्यांचा इतिहास कोणी लिहिला? : टॉल्किनच्या मध्यभूमीतली सात घराणी



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत परीकथा कुठून आली. ज्या लोकांबद्दल मी बोलणार आहे ते कधी जगलेच नाहीत. जे. आर. आर. टॉल्किन नावाच्या ऑक्सफर्डच्या एका भाषातज्ज्ञ प्राध्यापकाने ते कल्पनेतून उभे केले. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे बघावं याला एक कारण आहे. टॉल्किनने नुसती गोष्ट लिहिली नाही, गोष्टीची साधनंही तयार केली. वंशावळी, शकावली, लिप्या, शिलालेख, बखरी, आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या आख्यायिका, सगळं तिथे आहे. त्यामुळे खऱ्या इतिहासाला आपण जे प्रश्न विचारतो, तेच इथेही विचारता येतात. त्यातला पहिला प्रश्न असा, की हे सांगतंय कोण?

'द हॉबिट' आलं १९३७ मध्ये, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४ आणि १९५५ मध्ये. टॉल्किन वारले १९७३ मध्ये, आणि त्यांच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, वडिलांच्या कागदपत्रांतून 'द सिल्मरिलियन' १९७७ मध्ये प्रसिद्ध केलं. या पुस्तकांत टॉल्किन लेखकाऐवजी भाषांतरकाराची भूमिका घेतात. मूळ ग्रंथ म्हणे हॉबिट लोकांनी लिहिलेला, आणि त्यातला प्राचीन भाग एल्फांच्या परंपरेतून आलेला. म्हणजे ड्वार्फांबद्दल, आपल्या भाषेत बुटक्यांबद्दल, आपण जे वाचतो ते बहुतेक सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे. आज मला एवढंच दाखवायचं आहे, की हे लक्षात ठेवून वाचलं तर या लोकांचं चित्र बरंच बदलतं.

सुरुवात नावापासूनच करू. 'बुटके' हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यात थोडी चेष्टा आहेच. मध्यभूमीतही तेच झालं. एल्फांनी त्यांना 'नाउग्रिम' म्हटलं, म्हणजे वाढ खुंटलेले लोक. ते स्वतःला काय म्हणत? 'खझाद'. त्यांच्या समजुतीप्रमाणे हे नाव त्यांना घडवणाऱ्या आउले या देवतेने दिलेलं. आउले हा कारागिरांचा देव. एल्फ आणि माणसं जागी व्हायच्या आधीच, शिकवायला कोणी शिष्य हवेत म्हणून त्याने घाईने, परवानगी न घेता सात पूर्वज घडवले. मूळ सृष्टिकर्त्याने त्यांना प्राण दिले, पण अट घातली की एल्फ जागे होईपर्यंत यांनी झोपून राहायचं. म्हणजे बघा, घडवले गेले आधी, पण गणले गेले नंतर.

या सात पूर्वजांची सात घराणी. त्यांची नावं मराठीत आणायची तर लांबदाढे, अग्निदाढे, रुंदबांध्याचे, लोहमुठे, ताठदाढे, काळकेसे आणि दगडपाये. आपल्याकडच्या काळे, पिंगळे यांसारखी ही मुळात ओळखीची खूण असलेली नावं वाटतात. लांबदाढ्यांचा मूळपुरुष डुरिन. तो उत्तरेला गुंडाबाद पर्वतात जागा झाला. अग्निदाढे आणि रुंदबांध्याचे पश्चिमेकडच्या निळ्या पर्वतांत. उरलेली चार घराणी दूर पूर्वेला.

आता या सातांपैकी आपल्याला किती माहीत आहेत? डुरिनच्या घराण्याची राजावली मिळते, तारखांसकट. निळ्या पर्वतांतल्या दोन घराण्यांची दोन नगरं माहीत आहेत, नोग्रॉड आणि बेलेगॉस्ट. पूर्वेकडच्या चार घराण्यांचा मात्र एकही राजा आपल्याला नावानिशी माहीत नाही. त्यांनी इतिहास घडवला नसेल असं नाही. ज्यांची दफ्तरं आपल्यापर्यंत आली ते सगळे पश्चिमेचे होते. जिथे एल्फांशी किंवा हॉबिटांशी संबंध आला, तेवढ्यावरच प्रकाश पडला. प्रत्यक्ष इतिहासात हे आपण नेहमी पाहतो.

आता संस्कृतीकडे येऊ. या लोकांची भाषा खुझदुल. टॉल्किनने तिची घडण हिब्रू आणि अरबीसारखी ठेवली, म्हणजे बहुधा तीन व्यंजनांचा धातू आणि त्यात स्वर बदलून शब्द. ही भाषा ते परक्याला शिकवत नसत. घरात मूल ती आईच्या मांडीवर आपोआप उचलतं असंही नव्हतं. ती जतन केलेली, मुद्दाम शिकवलेली विद्येची भाषा होती, आणि म्हणून ती फारशी बदललीही नाही. तिच्या जोडीला हातवाऱ्यांची वेगळी भाषा होती, इग्लिशमेक. परके समोर बसलेले असताना, तोंडाने एक बोलत हाताने दुसरं सांगायची सोय.

बाहेर मात्र ते ज्या मुलखात राहतील तिथली भाषा बोलत. नावंही तिथलीच घेत. थोरिन, बालिन, गिमली ही नावं त्यांची 'खरी' नावं नव्हेत, ती उत्तरेकडच्या माणसांच्या भाषेतली व्यवहाराची नावं. आतलं नाव त्यांनी परक्या जमातीच्या कोणालाच कधी सांगितलं नाही. थडग्यावरसुद्धा कोरलं नाही. मोरियात बालिनची कबर आहे, तिच्यावर मजकूर खुझदुलमध्ये आहे, पण नाव मात्र बाहेरचंच. लिपी तरी स्वतःची का? तीही नाही. जी टोकदार अक्षरं आज आपण ड्वार्फांची म्हणून ओळखतो ती मुळात डायरॉन या एल्फाने रचली. त्याच्या लोकांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ड्वार्फांनी ती उचलली, वाढवली आणि दूरवर नेली.

आता ज्या समाजाने स्वतःबद्दल इतकं थोडं बाहेर जाऊ दिलं, त्याच्याबद्दल बाहेरचे काय बोलणार? दोन उदाहरणं देतो.

पहिलं स्त्रियांचं. ड्वार्फांत स्त्रिया फार तर एक तृतीयांश. त्या क्वचितच बाहेर पडत, आणि प्रवासाला निघाल्या तर वेशाने आणि आवाजाने पुरुषांपासून वेगळ्या ओळखू येत नसत. यावरून माणसांनी काय ठरवलं? यांच्यात बायकाच नाहीत, हे दगडातून उगवतात! गिमलीच्या सांगण्यावरून केलेल्या नोंदीत ही समजूत मूर्खपणाची म्हटली आहे. पण त्याच नोंदीत डुरिनच्या साऱ्या वंशावळीत एकाच स्त्रीचं नाव येतं, थोरिनची बहीण डीस. तेही तिचे दोन मुलगे लढाईत पडले म्हणून.

दुसरं उदाहरण मृत्यूचं. एल्फ मानत की ड्वार्फ मेला की ज्या दगडमातीतून घडला तिथेच परत जातो, संपलं. ड्वार्फांची स्वतःची श्रद्धा अगदी वेगळी होती. आउलेला ते 'महाल' म्हणत. तो आपल्याला मेल्यावर वेगळ्या दालनांत एकत्र करतो, आणि जगाच्या अंती झालेली पडझड पुन्हा उभारायला आपणच त्याला हात लावू, असं ते मानत. एका बाजूला 'दगडाचा दगड झाला', आणि दुसऱ्या बाजूला सृष्टी दुरुस्त करण्याचं वचन! दोन्ही मतं एकाच पानावर शेजारी शेजारी आहेत.

आता मुख्य आरोपाकडे येऊ. ड्वार्फ म्हणजे सोन्याचे लोभी. 'द हॉबिट'चा निवेदक तर सरळ सांगतो की हे काही वीरपुरुष नव्हेत, पैशाची किंमत जाणणारे हिशेबी लोक आहेत. या आरोपात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. थोरिन खजिन्यापायी हट्टाला पेटतो, हे त्याच पुस्तकात आहे. पण हा लोभ उभा कशावर आहे, ते आधी बघू.

हे लोक शेती करत नसत. एरेबोर, म्हणजे एकाकी पर्वत, तिथलं राज्य भरभराटीला होतं तेव्हा अन्न पायथ्याच्या डेल गावातून आणि आसपासच्या मुलखातून यायचं. त्याच्याही आधी, दुसऱ्या युगात, लांबदाढ्यांनी उत्तरेकडच्या माणसांशी करार केला होता. ड्वार्फ शस्त्रं देणार, रस्ते बांधणार; माणसं गुरं पाळणार, धान्य पिकवणार आणि ते पुरवणार. म्हणजे काय, तर ज्याला आपण सोन्याची हाव म्हणतो तिच्या मुळाशी पोटाचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे शेत नाही त्याची कणगी म्हणजे त्याची तिजोरी. कामाची मजुरी बुडवली तर त्याचा हिवाळा बुडतो. हा निष्कर्ष माझा आहे, टॉल्किन तो इतक्या शब्दांत मांडत नाहीत. पण त्यांनी दिलेल्या तपशिलांतून तो निघतो.

आता याच नजरेने सर्वांत गाजलेलं प्रकरण वाचू, डोरिआथचं. एल्फांचा राजा थिंगॉल. त्याचं भूमिगत राजवाड्यांचं नगर मेनेग्रॉथ बांधायला बेलेगॉस्टच्या ड्वार्फांनी मदत केली होती, आणि त्याने मोत्यांच्या रूपाने त्यांना मोबदलाही दिला होता. म्हणजे संबंध चांगले होते. पुढे त्याने नोग्रॉडच्या कारागिरांना एका जुन्या कंठहारात सिल्मरिल हे दिव्य रत्न बसवायला सांगितलं. तो हार ड्वार्फांच्याच पूर्वजांनी घडवलेला. काम झाल्यावर त्यांनी हारावर हक्क सांगितला. राजाने त्यांना खुंटलेली जमात म्हणून हिणवलं आणि मजुरी न देता निघून जायला सांगितलं. त्यांनी राजाला मारलं. मग एल्फांनी त्यांना मारलं. दोघे वाचले, नोग्रॉडला पोचले आणि त्यांनी सांगितलं की राजाने मजुरी बुडवायला आमची माणसं मारली. एल्फांच्या बखरीत हे खोटं ठरवलेलं आहे. असेलही. पण नोग्रॉडची बखर आपल्याकडे नाही.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, जी लोक वाचून विसरतात. नोग्रॉडने सूडासाठी बेलेगॉस्टकडे मदत मागितली. बेलेगॉस्टने ती नाकारली, आणि नोग्रॉडने हे करू नये म्हणून समजावून पाहिलं. तेव्हा 'ड्वार्फांनी डोरिआथ लुटलं' हे वाक्यच सदोष आहे. एका नगराने लुटलं, शेजारच्या नगराने विरोध केला. आणि बेलेगॉस्ट म्हणजे तेच, ज्यांचा राजा अझाघाल अगणित अश्रूंच्या लढाईत ग्लाउरुंग या महासर्पासमोर उभा राहिला. त्याच्या अंगाखाली चिरडत असताना त्याने सुरा त्याच्या पोटात खुपसला. मग त्याच्या लोकांनी भर रणांगणातून आपल्या राजाचं शव खांद्यावर घेतलं आणि शोकगीत गात घरची वाट धरली. शत्रूकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि अडवायची कोणाची छाती झाली नाही.

डोरिआथच्या या प्रकरणाला आणखी एक पदर आहे, तो मात्र आपल्या खऱ्या जगातला. टॉल्किनने हा भाग उत्तरायुष्यात सविस्तर पुन्हा लिहिलाच नव्हता. १९७७ च्या पुस्तकासाठी ख्रिस्तोफर आणि त्यांचे तरुण सहकारी गाय गॅव्हरिएल के यांनी तो जुन्या टिपणांवरून जुळवला, काही ठिकाणी नव्याने रचला. पुढे १९९४ मध्ये ख्रिस्तोफर यांनीच छापून सांगितलं की इथे आपण संपादकाची मर्यादा ओलांडली. ड्वार्फांवरचा सर्वांत जड आरोप ज्या पानांवर आहे, ती पानं अशी तयार झालेली आहेत.

आणि जिथे अन्याय उलट दिशेने झाला तिथे काय? बेलेरिअँडमध्ये ठेंगू ड्वार्फांची एक छोटी जमात होती, पूर्वेकडच्या मोठ्या नगरांतून हद्दपार झालेल्यांची. ते सर्वांच्या आधी तिथे आले होते. नारगोथ्रॉन्डच्या ज्या गुहांत पुढे एल्फांनी राजधानी केली त्या पहिल्यांदा यांनी खोदलेल्या. एल्फांना हे कोण आहेत ते कळलं नाही, आणि त्यांनी यांची जनावरासारखी शिकार केली. खरे ड्वार्फ भेटल्यावर त्यांना उलगडा झाला आणि शिकार थांबली. पण तोवर जमात संपत आली होती. शेवटी उरले म्हातारा मीम आणि त्याचे दोन मुलगे. मीम कथेत येतो तो विश्वासघातकी म्हणून. त्याच्या जमातीचं काय झालं, हे मात्र दोन-चार वाक्यांत उरकलेलं आहे.

आता तिसऱ्या युगाकडे वळू, कारण इथे आपल्याला प्रथमच ड्वार्फांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. या लोकांचं सगळ्यांत मोठं नगर खझाद-दूम, ज्याला पुढे मोरिया म्हणजे काळा गर्त हे नाव पडलं. तेही एल्फांच्या भाषेतलं. तिसऱ्या युगाच्या १९८० साली खाणीच्या तळातून बालरॉग हा अग्निदैत्य बाहेर आला, राजा सहावा डुरिन मारला गेला, आणि पुढच्याच वर्षी नगर सोडावं लागलं. १९९९ मध्ये एरेबोर वसवलं. २७७० मध्ये स्माउग या सर्पाने तेही घेतलं. राजघराणं रस्त्यावर आलं. थोरिन सांगतो की पोटासाठी लोहारकाम केलं, कोळशाच्या खाणीत काम केलं.

म्हातारा राजा थ्रोर २७९० मध्ये एकटाच मोरियाच्या दारात गेला. ऑर्कांचा म्होरक्या अझोग याने त्याचा शिरच्छेद केला, कपाळावर स्वतःचं नाव डागलं, आणि सोबतच्या म्हाताऱ्याकडे भिकाऱ्याला टाकावी तशी चिल्लर फेकली. बातमी सातही घराण्यांत गेली. जमवाजमवीला तीन वर्षं लागली, आणि सगळे आले. एरवी ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत ते पूर्वेकडचेसुद्धा. ज्येष्ठ पूर्वजाच्या वारसाचा अपमान हा सगळ्यांचा अपमान. लोभासाठी इतक्या दुरून कोणी चालत येत नाही.

२७९९ मध्ये अझानुल्बिझारच्या खोऱ्यात शेवटची लढाई झाली. ड्वार्फ जिंकले, पण जेमतेम निम्मे पायावर उभे राहिले. विजयानंतर थ्राइनला मोरियात शिरायचं होतं. इतर घराणी म्हणाली, ते आमच्या पूर्वजांचं घर नव्हे. आम्ही मानासाठी आलो होतो, आता परत जातो. इथे घराण्याघराण्यांमधली सीमारेषा स्पष्ट दिसते. एकी होती, पण एकच राज्य नव्हतं.

आणि मग प्रेतांचा प्रश्न आला. ड्वार्फ मृतांना दगडी थडग्यात ठेवतात. जमिनीत पुरणं त्यांना चालत नाही. इतकी थडगी खोदायला वर्षं लागली असती. म्हणून खोऱ्यातली झाडं तोडून त्यांनी सगळ्यांना दहन केलं. घरी गेल्यावर त्या प्रत्येकाची आठवण निघाली की वंशज अभिमानाने एवढंच सांगत, तो दहन झालेल्यांपैकी होता. रूढी मोडली, आणि ते मोडणंच सर्वांत मोठा मान ठरलं.

आपल्या हाती येणारी त्यांची एकमेव अस्सल बखर म्हणजे माझारबुलची पोथी. बालिनने २९८९ मध्ये मोरिया पुन्हा वसवायचा प्रयत्न केला, पाच वर्षांत सगळे संपले. गॅन्डाल्फला तिथे ही पोथी मिळते, फाटलेली, जळलेली, रक्ताने डागाळलेली. शेवटची पानं ओरीच्या हातची. टॉल्किनने ती पानं स्वतः तयार केली होती, कडा जाळून, शाई पुसट करून. १९५४ मध्ये ती रंगीत छापणं प्रकाशकाला परवडलं नाही, म्हणून ती पुस्तकात आली नाहीत. सगळ्या महाकाव्यात ड्वार्फांच्या हातचा एकच ग्रंथ, त्यातही अर्धी वाक्यं गायब, आणि तोही वाचून दाखवणारा परकाच.

यात नेमकं काय पणाला लागलं आहे? टॉल्किनची सुरुवातीची लिखाणं काढली तर त्यांत ड्वार्फ जवळजवळ दुष्टच आहेत. 'द हॉबिट'मध्ये ते थोडे हास्यास्पद आहेत. त्यांची बरीचशी नावं जुन्या नॉर्स काव्य 'वोलुस्पा'मधल्या बुटक्यांच्या यादीतून जशीच्या तशी घेतलेली. गिमलीपर्यंत येताना ते माणूस होतात. मध्ये काय घडलं? १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकाने 'द हॉबिट'च्या अनुवादासाठी टॉल्किन आर्यवंशाचे आहेत का, असं विचारलं. उत्तराचा जो मसुदा उपलब्ध आहे त्यात ते 'आर्य' शब्दाचा भाषाशास्त्रीय अर्थ शिकवतात, आणि ज्यूंसारख्या गुणी लोकांत आपले पूर्वज नसल्याची खंत व्यक्त करतात. १९५५ च्या एका पत्रात ते लिहितात की ड्वार्फ आपल्याला ज्यूंसारखे वाटतात, जिथे राहतात तिथले आणि तरीही परके, तिथली भाषा बोलणारे पण स्वतःच्या खासगी भाषेचा हेल असलेले.

हे साम्य दुधारी आहे. परागंदा, कष्टाळू, स्मृती जपणारे लोक ही एक बाजू. सोन्याचे लोभी ही दुसरी बाजू, आणि युरोपात तोच आरोप करून शतकानुशतकं ज्यूंचा छळ झाला. टॉल्किन त्या आरोपातून पूर्ण सुटले असं मला वाटत नाही. पण त्यांनी एक केलं. आरोपाच्या शेजारी आरोप करणाऱ्याचं नावही लिहून ठेवलं. परिशिष्टात ते सांगतात की माणसांच्या कथा काहीही म्हणोत, आपखुशीने शत्रूची चाकरी करणारे ड्वार्फ फारच थोडे होते.

लोथलॉरिएनमधला प्रसंग या दृष्टीने वाचा. मोरियातून गिमली आणि मंडळी जीव वाचवून आलेली. एल्फांचा स्वामी केलेबॉर्न ड्वार्फांना दोष देतो. तेव्हा गॅलाड्रिएल काय करते? ती मोरियाच्या तळ्याचं, नदीचं आणि नगराचं नाव घेते, खेलेद-झाराम, किबिल-नाला, खझाद-दूम. ड्वार्फांच्या भाषेतली नावं. गिमली चकित होऊन वर बघतो, आणि त्याला शत्रूच्या जागी मित्र दिसतो. पुढे निरोपाच्या भेटीसाठी तो रत्न मागत नाही. फार आग्रह झाल्यावर तिचा एकच केस मागतो. सगळ्या लोभी जमातीचा हा प्रतिनिधी!

एखाद्या समाजाबद्दल काही वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. हे कोणी लिहिलं, त्या समाजाला ते कोणत्या नावाने हाक मारतात, आणि त्या समाजाची स्वतःची पोथी कुठे आहे? काल्पनिक बुटक्यांवर ही सवय लावून घेतली, तर खऱ्या माणसांच्या बाबतीत ती उपयोगी पडेल.